कणांचा हिशेब

धातू म्हणजे निर्जीव वस्तू, असे आपण शाळेत शिकतो आणि पुढे जन्मभर तसेच मानतो. एखादा माणूस कुणाचे ऐकत नसेल, कशानेही हलत नसेल, तर तो लोखंडाचा बनला आहे असे म्हणतो. आम्ही एका तंत्रनिकेतनात धातुशास्त्र शिकवण्यात उमर घालवली. आमचा अनुभव थोडा वेगळा आहे. धातूला पुरेशी ऊब मिळाली की त्याच्या पोटात मोठी देवाणघेवाण सुरू होते. डोळ्यांना न दिसणारे कण जन्माला येतात, वाढतात, काही एकमेकांत मिसळतात आणि पुष्कळसे विरघळून नाहीसे होतात. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र पट्टी होती तशीच दिसते. या कणांचा हिशेब माणसाने कसा मांडला, आणि तो नीट मांडला नाही तर एखाद्या गरिबाच्या रोजीरोटीवर कशी गदा येऊ शकते, हे आम्हांला या लेखात सांगायचे आहे.

विषय रुक्ष वाटेल. पण अ‍ॅल्युमिनियम आपल्या लोकांना परके नाही. आमचे दादा कल्हईवाले होते. रायगड जिल्ह्यातल्या गावोगाव भाता घेऊन फिरायचे. तांब्यापितळेची भांडी मागे पडली, अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलची आली, आणि दादांचा भाता माळ्यावर गेला तो गेलाच. ज्या अ‍ॅल्युमिनियमने दादांचा धंदा बसवला, त्याच अ‍ॅल्युमिनियमने पुढच्या पिढीला काम दिले. मुंब्रा, कुर्ला, भिवंडी इथल्या सरकत्या खिडक्यांच्या दुकानांत आपली कितीतरी मुले कामाला आहेत. 'सेक्शन' हा शब्द त्यांच्या तोंडी रात्रंदिवस असतो. सेक्शन कापायचा, भोके पाडायची, काच बसवायची. पण अ‍ॅल्युमिनियमची तार बोटांनी वाकते आणि हा सेक्शन मात्र का वाकत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

शुद्ध अ‍ॅल्युमिनियम फार मऊ. खिडकीच्या सेक्शनमध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळलेले असतात, तेही प्रत्येकी शेकडा एकापेक्षा कमी. मात्र नुसते मिसळून भागत नाही. भट्टीत त्या दोघांचे बारीक कण तयार व्हावे लागतात. हे गुपित पहिल्यांदा हाती लागले ते आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या. १९०६ साली बर्लिनजवळच्या प्रयोगशाळेत त्यांनी तांबे आणि मॅग्नेशियम मिसळलेले अ‍ॅल्युमिनियम तापवून पाण्यात बुडवले. शनिवारी त्याचा कडकपणा मोजायला घेतला, काम अर्धवट राहिले. सोमवारी येऊन मोजले तर तोच तुकडा कितीतरी कडक झालेला. रविवारभर त्याला कुणी हात लावला नव्हता. यातूनच पुढे ड्युरालुमिन नावाचा मिश्रधातू बाजारात आला आणि विमानांचे सांगाडे त्याचे होऊ लागले. विल्म यांनी शोध लावला, पण पट्टी आपोआप कडक का होते याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

गंमत अशी की विल्म यांच्याही आधी हे कण आकाशात उडून आले होते. राइट बंधूंनी १९०३ साली उडवलेल्या विमानाच्या इंजिनाचे आवरण अ‍ॅल्युमिनियम आणि तांब्याच्या मिश्रधातूचे ओतलेले होते. १९९४ साली फ्रँक गेल आणि मार्था गुडवे या संशोधकांनी त्याचा नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात हेच कडकपणा देणारे कण सापडले. राइट बंधूंना त्यांची खबरही नव्हती. निसर्ग आपले काम करून मोकळा होतो. माणसाला त्याचे नाव नंतर सुचते.

उत्तराची पहिली पायरी १९१९ साली अमेरिकेत मेरिका, वॉल्टनबर्ग आणि स्कॉट या तिघांनी चढली. आपल्या घरातला पाक आठवा. गरम पाण्यात साखर भरपूर विरघळते. पाक थंड झाला की तीच साखर जास्त होते आणि तळाशी खडे धरू लागते. अ‍ॅल्युमिनियमचेही तसेच. चांगले तापलेले असताना ते तांबे पोटात सामावून घेते. मग त्याला एकदम पाण्यात बुडवले तर तांब्याला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. ते अवघडून आत बसते आणि नंतर, हळूहळू, बारीक कणांच्या रूपाने एकत्र येऊ लागते. १९३८ साली फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी एकमेकांना न विचारता क्ष-किरणांच्या साह्याने दाखवून दिले की सुरुवातीला तांब्याच्या अणूंच्या अगदी पातळ चकत्या तयार होतात.

हे कण धातूला कडक कसे करतात? लग्नाच्या मांडवात घातलेली मोठी सतरंजी एकदम ओढून पाहा, हलत नाही. पण एका टोकाला सुरकुती पाडून ती पायाने पुढे ढकलत नेली की सगळी सतरंजी वीतभर सरकते. धातू वाकतो तेव्हा आत अशाच सुरकुत्या धावत असतात. अणूंच्या ओळी सगळ्या एकदम सरकत नाहीत. आता सतरंजीखाली जागोजागी खडे असतील तर सुरकुती अडणार. खडे जितके जवळजवळ, तितकी ती जास्त अडणार. खडे दूर दूर असतील तर ती मधल्या जागेतून वळसा घेऊन निघून जाईल. एगॉन ओरोवान यांनी १९४८ साली याचे गणित मांडले, आणि त्यातला मुद्दा एवढाच की कणांमधले अंतर वाढले की धातू नरम पडतो.

इथे एक साधा हिशेब लक्षात घ्या. कण बनायला लागणारे द्रव्य ठरलेले आहे. कणाची त्रिज्या दुप्पट झाली तर एका कणात आठपट माल जाणार, म्हणजे कणांची संख्या एक अष्टमांश होणार आणि त्यांच्यातले अंतर दुप्पट. द्रव्य तेवढेच, वजन तेवढेच, रासायनिक तपासणीत आकडा तोच. पण ताकद गेली. धातूची मजबुती ही थोड्या धिप्पाड कणांची मेहेरबानी नसते. ती असंख्य बारक्यांच्या दाटीतून येते. शिकवताना हे वाक्य आले की वर्गात मुले थोडी गालात हसतात. आम्ही ते वाक्य तसेच सोडून पुढे जातो; अर्थ काढायला मुले समर्थ असतात.

मग कण बारीकच का राहत नाहीत? याचे उत्तर विल्हेल्म ऑस्टवाल्ड या रसायनशास्त्रज्ञाच्या कामात आहे. त्यांनी १९०० साली पाऱ्याच्या तांबड्या आणि पिवळ्या ऑक्साइडचा अभ्यास करून दाखवले की दोन्ही वस्तू एकच, फरक फक्त कणांच्या आकाराचा, आणि बारीक कणांची पूड जास्त विरघळते. कणाच्या पृष्ठभागावरच्या अणूला शेजारी कमी असतात, म्हणून त्याचे पाय तिथे घट्ट रोवलेले नसतात. लहान कणात पृष्ठभागावर राहणाऱ्यांचे प्रमाण जास्त, म्हणून त्याचे अणू लवकर सुटतात. सुटलेले अणू भटकत भटकत मोठ्या कणापाशी पोहोचतात आणि तिथे स्थिरावतात. फ्रीजमध्ये बरेच दिवस राहिलेली कुल्फी दाताखाली कचकच लागते. तिथेही बर्फाचे बारीक कण संपून मोठे झालेले असतात.

लक्षात घ्या, यात मोठ्या कणाने लहानाला पकडून गिळलेले नसते. दोघे एकमेकांना शिवतही नाहीत. मधल्या धातूतून, अणू-अणूने, मुकाट्याने माल इकडून तिकडे जातो. कोणत्याही क्षणी आकाराची एक सीमारेषा असते. तिच्या वरचे कण वाढतात, खालचे झिजतात. आणि ही रेषा स्वतःच वर सरकत राहते. काल जो कण वाढणाऱ्यांत होता, तो आज आहे तेवढाच राहिला तरी झिजणाऱ्यांत जाऊन बसतो. त्याने काही केलेले नसते. रेषा त्याच्या डोक्यावरून गेलेली असते.

हीच क्रिया जाणत्याच्या हातात पडली तर तिचे सोनेही होते. मराठीतले पोलाद आणि उर्दूतले फौलाद हे दोन्ही शब्द एकाच फारसी घराण्यातले. अब्बासी खलिफा अल-मुतसिम याच्यासाठी नवव्या शतकात अल-किंदी या तत्त्ववेत्त्याने तलवारींवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यात यमन, हिंद, सरनदीब असे तलवारींचे प्रकार सांगितले. दख्खनच्या मुशीत पिकलेले पोलाद समुद्रापार जायचे आणि त्याच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटायची. ही नक्षी म्हणजे लोखंड आणि कार्बन यांच्या संयुगाच्या कणांच्या रांगा. अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हेरहोवन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्री यांनी तशी पाती पुन्हा घडवली, आणि १९९८ साली आपल्या सहकाऱ्यासह असे मांडले की कच्च्या मालातल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंचे अगदी किंचित अंश या रांगांच्या मुळाशी आहेत. लोहार पाते पुन्हा पुन्हा तापवतो आणि ठोकतो. प्रत्येक वेळी बारीक कण विरघळतात. ज्या ओळीत ते किंचित अंश आहेत तिथले कण टिकून मोठे होतात. अनेक खेपांनंतर कणांची रांग लागते. त्या लोहाराला व्हॅनेडियम ठाऊक नव्हते, ऑस्टवाल्ड ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. किती तापवायचे आणि कितीदा तापवायचे, एवढे मात्र त्याच्या हाताला ठाऊक होते.

हाताला ठाऊक असलेली गोष्ट कागदावर आणायला १९६१ साल उजाडले. सोव्हिएत युक्रेनमधल्या खार्कीवचे लिफशित्झ आणि स्लियोझोव्ह, आणि जर्मनीतले कार्ल वाग्नर यांनी वेगवेगळ्या वाटांनी एकाच निष्कर्षाला येऊन गणित मांडले. कणांच्या सरासरी त्रिज्येचा घन काळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे कण दुप्पट व्हायला आठपट वेळ लागतो आणि तिप्पट व्हायला सत्तावीसपट. सगळ्यांत मोठा कण सरासरीच्या दीडपटीपलीकडे जात नाही, असेही त्या गणितातून निघते. समीकरण इतके सुबक आहे की शिकवताना आम्हांला आजही आनंद होतो.

पण प्रत्यक्ष धातूत पाहिले तर लहानमोठ्यांतली तफावत या गणितापेक्षा जास्त आढळते. कारण त्या तिघांनी कण एकमेकांपासून खूप दूर आहेत असे धरले होते. दाटी असेल तर शेजाऱ्याचा परिणाम होतो, आणि कधी दोन कण वाढता वाढता एकमेकांना टेकून एक होतात. अशा मिसळण्याचे गणित पोलिश शास्त्रज्ञ स्मोलुखोव्हस्की यांनी १९१६ च्या सुमारास द्रवात तरंगणाऱ्या कणांसाठी करून ठेवले होते. वितळलेल्या पोलादात तरंगणारी मळी आदळून एकत्र येते, तिथे ते उपयोगी पडते. घट्ट धातूत मात्र मुख्य कारभार न शिवता होणाऱ्या देवाणघेवाणीचाच असतो. आणखी एक अडचण अशी की तिघांचे गणित कण जन्मून झाल्यानंतरच्या काळाचे आहे. भट्टीत तर जन्म, वाढ आणि झीज ही तिन्ही कामे एकाच वेळी चाललेली असतात, आणि तापमानही स्थिर नसते.

म्हणून १९८४ साली जर्मनीत कांपमान आणि वाग्नर (हे वाग्नर वेगळे) यांनी सरासरीचा नाद सोडला आणि वाण्यासारखी खतावणी मांडली. कणांचे आकारानुसार वर्ग करायचे. एका वर्गात इतक्या त्रिज्येचे इतके कण, दुसऱ्यात त्याहून मोठे इतके, असे शेकडो रकाने. मग वेळ अगदी छोट्या पावलांनी पुढे न्यायची, आणि प्रत्येक पावलाला तीन प्रश्न विचारायचे. या क्षणात नवे कण किती जन्मले? प्रत्येक वर्गातला कण वाढला की झिजला, आणि किती? मधल्या धातूत विरघळलेला माल आता किती उरला? जमाखर्च जुळला की पुढचे पाऊल. कण झिजून नाहीसा झाला तर त्याचा माल मधल्या धातूच्या खात्यात जमा करायचा. हवेत सोडून द्यायचा नाही. शेवटी कणांची संख्या आणि अंतर यांवरून ताकद काढायची. खिडकीच्या सेक्शनच्या जातीच्या मिश्रधातूसाठी नॉर्वेतल्या म्यूर आणि ग्रोंग या संशोधकांनी २००० सालच्या आसपास याच पद्धतीचे प्रतिमान तयार केले. आज साध्या संगणकावर ते थोड्या वेळात चालते. या पद्धतीत सगळ्यांत बारक्या कणालाही एक रकाना असतो, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

मोलाची का वाटते, त्याला एक घटना कारण आहे. सप्टेंबर २००८, रमजानचा महिना. मुंबईजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने आम्हांला बोलावले. तिथे अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन तयार होत आणि एजिंगच्या भट्टीत १८० अंशांवर सहा तास ठेवून कडक केले जात. रात्री दहाला भरलेला माल पहाटे चारला काढायचा. एका रात्रीचा बराच माल मऊ निघाला. गिऱ्हाइकाने गाडी परत पाठवली. भट्टीवर त्या रात्री एक वयस्कर कामगार होते; सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्यावर ठपका आला की रोज्याचे दिवस आहेत, सेहरी करून डोळा लागला असेल, माल दोन तास जास्त भाजला असेल. चाचा म्हणत होते की माल काढूनच आपण सेहरीला बसलो. तापमान नोंदणाऱ्या यंत्राच्या पेनातली शाई मध्यरात्रीनंतर संपलेली होती, त्यामुळे माल कधी काढला याचा पुरावा कुणापाशीच नव्हता. चाचांना घरी बसवले होते. ईद महिन्याभरावर आलेली.

कारखान्याच्या साहेबांनी आमच्यासमोर कागद ठेवला. जेवढी रेघ उमटली होती तेवढी १८० वर सरळ होती. "बघा सर, भट्टी बरोबर आहे. म्हणजे चूक माणसाची."

आम्ही आधी मालाकडे गेलो. हातात धरायच्या वेबस्टर यंत्राने रांगेरांगेने कडकपणा मोजला. पुढच्या रांगा बऱ्या होत्या, मागच्या मऊ. मऊ धातूचे दोन प्रकार असतात. एक कच्चा, म्हणजे ज्याचे कण अजून पुरेसे झालेले नाहीत. दुसरा जास्त शिजलेला, म्हणजे ज्याचे बारीक कण संपून मोठे उरलेत. दोघे सारखेच मऊ लागतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. तुकडा पुन्हा भट्टीत ठेवायचा. कच्चा असेल तर कडक होतो. जास्त शिजलेला असेल तर होत नाही, उलट आणखी मऊ पडतो. मागचा तुकडा दोन तास तापवला, तो आणखी मऊ पडला. पुढचा तापवला, तो थोडा कडक झाला. एकाच खेपेतला माल, एकाच वेळी आत गेलेला आणि एकाच वेळी बाहेर आलेला. त्यातला अर्धा जास्त शिजलेला आणि अर्धा किंचित कच्चा. झोप लागल्याने उशीर झाला असता तर सगळाच माल जास्त वेळ राहिला असता. झोपेला पुढची आणि मागची रांग कळत नाही.

चाचांना आम्ही त्यांच्या घरी जाऊन भेटलो. "चाचा, भट्टीत काही वेगळे वाटले का?" त्यांनी लगेच सांगितले, "सर, पंख्याचा आवाज पावसाळ्याच्या आधीपासून बदललाय. हवा पुढे येत नाही. मी दोनदा बोललो." हे कुठल्या वहीत लिहिलेले नव्हते. चाचांना लिहिता येत होते, पण वही त्यांच्याकडे नसे.

मग आम्ही खतावणी मांडली. संगणकाच्या तक्त्यात आकारांचे रकाने, काळाची पावले. १८० अंशांवर सहा तास, आणि मग आरोपाप्रमाणे आठ तास. दोन तासांनी कणांत फरक पडला, पण मागच्या रांगेतला मऊपणा काही त्यातून निघेना. मग तापमान वाढवत गेलो. २२० अंशांच्या आसपास आल्यावर सहा तासांत तेवढा मऊपणा दिसू लागला. कारण साधे आहे. ४० अंश वाढले की या धातूत अणूंची भटकंती साधारण पंधरापट होते. २२० वरचे सहा तास म्हणजे १८० वरचे सुमारे ९० तास. साहेबांना आम्ही इतकेच म्हणालो की १८० वर हा माल इतका मऊ पाडायचा तर चाचांना जवळजवळ चार दिवस झोपून राहावे लागेल.

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी भट्टी तपासायला परवानगी दिली. रिकामी नव्हे, भरलेली भट्टी. एका जागी होता तो तापमापक तसाच ठेवून मागे, मध्ये आणि पुढे आणखी लावले. मध्ये १८०, पुढे १७० च्या आसपास, आणि मागे, जिथून गरम हवा आत येत होती तिथे, २२० ला पोहोचत होते. हवा फिरवणाऱ्या पंख्याचा पट्टा सैल होऊन घसरत होता. कागदावरची रेघ खोटी नव्हती. ती जिथे मोजली तिथली खरी होती. आपल्याकडे म्हणतात ना, हिसाब ज्यूं का त्यूं, कुनबा डूबा क्यूं? नदीच्या खोलीची सरासरी काढणाऱ्या त्या शहाण्याचा हिशेब चुकला नव्हता. त्याने बुडणाऱ्याला रकाना ठेवला नव्हता, इतकेच.

चाचांची नोटीस मागे घेतली गेली. घरी बसवलेल्या दिवसांची मजुरी ईदच्या दोन दिवस आधी त्यांच्या हातात पडली. माफी कुणी मागितली नाही, आणि त्यांनीही ती मागून घेतली नाही. पंख्याला नवा पट्टा बसला, भट्टीत दोन तापमापक कायमचे वाढले. त्यानंतर काही वर्षांनी चाचा निवृत्त होऊन गावी गेले.

या घटनेमुळे प्रतिमानांवरचा आमचा विश्वास वाढला, हे खरे. पण तो आंधळा नाही. या गणितात काही आकडे असे असतात की ते थेट मोजता येत नाहीत. कण आणि भोवतालचा धातू यांच्या सीमेवरची ऊर्जा हा त्यातला मुख्य. नव्या कणाच्या जन्माच्या वाटेतला अडथळा या ऊर्जेच्या घनाने वाढतो, त्यामुळे तिथे थोडी इकडेतिकडे झाली की जन्मणाऱ्या कणांची संख्या कुठल्या कुठे जाते. म्हणून जाणते संशोधक आधी सूक्ष्मदर्शकाखाली कण पाहून आकडे जुळवून घेतात आणि मगच पुढचे भाकीत करतात. आता याहून बारीक पद्धती आल्या आहेत. कणाचा गोल आकार गृहीत न धरता त्याची कड प्रत्यक्ष सरकताना दाखवणारी प्रतिमाने आहेत, अणू-अणूची उडी मोजणारीही आहेत. विमानांचे पंख, गाड्यांची चाके, टर्बाइनची पाती यांचे मिश्रधातू ठरवताना त्यांचा उपयोग होतो. पण भट्टीचे खरे तापमान ज्याला दिले नाही, ते कितीही बारीक प्रतिमान खोटेच बोलणार, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने.

आमच्या वर्गात आता आपली मुलेही दिसतात, मुलीही दिसतात. त्यांतले काही जण ज्या घरांतून येतात, तिथे कुणी भट्टीवर आहे, कुणी भंगाराच्या दुकानात, कुणी सेक्शन कापतो. संगणकावर रकाने मांडायला ती आमच्यापेक्षा लवकर शिकतात. गणित मांडायला बसण्याआधी आम्ही त्यांना एवढेच विचारतो की तापमान कुठल्या जागी मोजले आहे, माल कुठल्या रांगेतला आहे आणि भट्टीजवळ रात्रभर उभ्या असलेल्या माणसाला कुणी काही विचारले आहे का. या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत उतरली की मग संगणक सुरू करायचा.